हाडांतलं पेव

परातीतली भाकरी निम्मी थापून झाली होती, तेवढ्यात साळूबाईचा उजवा पंजा मनगटातून खाली लोंबला आणि बोटं भाकरीत रुतली. तिनं पुन्हा हात उचलला. दंड उचलला, कोपर उचललं, पण पंजा काही उचलेना. भाकरीला मधोमध भोक पडलं.

चुलीपाशी बसलेल्या तिच्या सासूनं, बनुबाईनं, मिसरीचं बोट तोंडातून काढलं.

"काय गं, भाकरी थापतीस का शेन कालवतीस?"

"पंजा वर हुईना, आत्याबाई."

"हुईना म्हंजी?"

साळूबाईनं पिठाचे दोन्ही हात पुढं धरले. डावा सरळ राहिला. उजव्याची आधी मधली दोन बोटं वाकली, मग सगळा पंजाच जमिनीकडं गेला. ती स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. आठ दिवस घागर उचलताना तो हात दगा देत होता, पण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पाचवा महिना होता. गरोदर बाईनं एवढ्या तेवढ्याला कुरकुर करू नये, असं तिला सांगणारी माणसं घरात भरपूर होती.

म्हातारीनं हाताकडं बघितलंच नाही. तिनं सुनेची हनुवटी धरली, अंगठ्यानं खालचा ओठ ओढला आणि तोंड दाराच्या उजेडाकडं फिरवलं. दातांच्या बुडाशी, हिरडीच्या कडेनं, काजळाच्या काडीनं ओढावी तशी निळसर रेघ होती.

"आई गं! रेघ!" बनुबाई ओरडली. "शिशाची रेघ! कुठं वितळीवलंस गं, भवाने?"

टेकवाडीत ही रेघ लहान पोरांनासुद्धा ठाऊक होती. गाव नगरपासून तीन कोसांवर, आणि गावाच्या माळाला लागून लष्कराची चांदमारी. जर्मनच्या लढाईच्या दिवसांत तिथं सकाळपासून गोळ्या सुटायच्या. लाल निशाण चढलं की माळावरची गुरं माघारी आणायची, निशाण उतरलं की माणसं चाळण्या घेऊन निघायची. नेम धरायच्या फळ्यांच्या मागं मातीचा मोठा ढीग होता. त्यात रुतलेल्या गोळ्या चाळून काढायचा मक्ता नगरच्या गनीभाईनं घेतला होता. पुरुष माती चाळत, बाया गोळ्या निवडत, आणि गोळ्या वितळवायची कढई होती भिमाजीच्या, म्हणजे साळूबाईच्या नवऱ्याच्या, परड्यात.

त्या कढईपाशी साळूबाई तीन वर्षं बसली. बाभळीचा जाळ करायचा, गोळ्या ओतायच्या, शिसं पाझरून खाली बसलं की वर तरंगणारी तांब्याची टरफलं झाऱ्यानं काढायची आणि रस मातीच्या साच्यात ओतून लगडी पाडायच्या. धूर वाऱ्यानं फिरेल तिकडं तिनं तोंड फिरवायचं. तोंडाला सदा गोडसर चव असायची. गनीभाई छातीला बरा म्हणून गूळ द्यायचा, तो ती त्याच काळ्या बोटांनी खायची. मग पोटात कळा सुरू झाल्या. कळ आली की ती गुडघे पोटाशी घेऊन परड्यातच आडवी व्हायची आणि कळ सरली की उठून झारा धरायची. हिरडीवर रेघ आली. दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडलं.

"बाईच्या जातीला सोन्याची हाव," भिमाजी पारावर सांगायचा. "पाटल्या पायजे हुत्या. मी नगं म्हनत हुतो, पर ऐकंल तर ना." हे गावानं धरून ठेवलं. साळूबाई ऐकून घ्यायची आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढायची.

लढाई संपली, गनीभाईचा मक्ता संपला. सुईणीनं सांगितलं की शिशाच्या बाईचं पोट राहत नसतं. म्हणून त्या साली खंडोबाच्या देवळात भिमाजीनं तिला भंडार उचलायला लावला. आमच्याकडं भंडार उचलणं म्हणजे हसायचं काम नव्हे. ताटातली हळद मुठीत घ्यायची, हात ताठ देवापुढं धरायचा आणि बोलायचं ते बोलायचं. बोलून होईपर्यंत मुठीतून हळद गळली नाही तर बोलणं खरं. साळूबाईनं मूठ धरली, "ह्याफुडं शिशाला हात लावनार न्हाई" म्हणाली, आणि एक कणही सांडला नाही.

आणि खरोखरच ती बरी झाली. दोन-तीन महिन्यांत कळा थांबल्या. वर्षाच्या आत रेघ पुसली गेली, गालाला रंग आला. काम सुटलं की शिसं सुटतं, हे गावानं डोळ्यांनी बघितलं. चार वर्षांनी, एकोणीसशे एकोणपन्नासच्या माघात, तिला पुन्हा दिवस गेले. आता आषाढ होता आणि रेघ परत आली होती.

भिमाजी दुपारी कोरड्या रानातून आला. पेरून पंधरा दिवस झाले होते, वर ढग नव्हता, त्यामुळं डोकं आधीच तापलेलं. आईनं दारातच सांगितलं. त्यानं बायकोचा ओठ स्वतः ओढून पाहिला. मग तो परड्यात गेला.

जुनी कढई कुडाच्या कडेला पालथी होती. त्यानं ती लाथेनं उलथवली. खाली रवणावर बसलेली कोंबडी फडफडून बाहेर पळाली आणि बारा अंडी उघडी पडली. कढईच्या बुडाला गंज होता, जाळाचं नाव नव्हतं. एवढ्यावर शहाण्या माणसाची खात्री पटली असती.

"हितं न्हाई," तो घरात येऊन म्हणाला. "मंग कुठं बसतीस?"

"मी कुठं बशीन? सकाळधरनं तुमच्या नजरंफुडं हाय."

"परवा चांदमारीच्या ओढ्याला कशाला गेल्तीस? गोरक्ष गुरवानं बघितली तुला."

"गवऱ्या येचाय."

"आन् गनी बाजाराला येतो, त्यो काय गवऱ्या घ्याया येतो?"

गनीभाई दर बाजारी मोडीचं लोखंड घ्यायला यायचा, साऱ्या गावासमोर तराजू लावून बसायचा. त्याचं नाव असं साळूबाईच्या नावाला जोडलं जाईल, हे तिला स्वप्नातही सुचलं नसतं.

"दोन पाडलीस," भिमाजी म्हणाला. "ह्ये तिसरं. माझं पोर मारतीस तू."

हे ऐकून तिला कळ यावी तसा धक्का बसला, आणि थोड्या वेळानं खरोखरीच कळ आली. चार वर्षांनी आली, पण ओळखीची होती. बेंबीच्या मागं कुणी आतडी पिळून दोर वळतंय, अशी. ती भिंतीला धरून खाली बसली. बनुबाई तिच्याकडं बघत उभी राहिली. ही कळ कशाची ते म्हातारीला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच तिला दया आली नाही.

पुढचा महिनाभर त्या घरात कुणी साळूबाईशी धड बोललं नाही, पण काम मात्र सगळं तिच्यावरच. खुरपं डाव्या हातात घेऊन ती रानात बसायची. थोडा शिडकावा झाला होता, पिकापेक्षा तण जास्त. उजवा हात ती पदराखाली ठेवायची. बाया एकमेकींना खुणा करायच्या. घागर आता दोन्ही दंडांत कवटाळून आणावी लागे. भाकरी म्हातारी थापायची आणि प्रत्येक भाकरीबरोबर एक शिवी तव्यावर टाकायची.

खाणंही बेताचंच. गरोदरणीनं पोटभर खाल्लं तर पोर मोठं होतं आणि अडतं, हा आमच्याकडचा जुना शहाणपणा. अर्धी भाकर, चटणी आणि वर पाणी. घरात दोन गाई होत्या. त्यांचं दूध सकाळीच नगरला जायचं. घरच्या बाईनं दूध पिणं म्हणजे उधळपट्टी, आणि शिसं वितळवणाऱ्या बाईनं पिणं म्हणजे तर विचारूच नका. वर बनुबाईनं तिला पाच शनिवार कडक धरायला लावले. "देवाला गाऱ्हानं घाल, म्हंजी पोटातलं वाचंल." साळूबाईनं पाचही शनिवार पाण्यावर काढले. दर शनिवारनंतर कळ जास्त जोरात यायची, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण असं कुणाला सांगितलं असतं तर देवाला दोष दिला म्हणून आणखी एक शिवी पडली असती.

श्रावणातल्या एका रविवारी भिमाजीनं तिला देवळात नेलं. पाटील सहादेव, गुरव गोरक्ष, पाच-पन्नास माणसं आधीच जमली होती. बाया खांबाआड उभ्या होत्या.

"आरं, पोटुशी बाई हाय," पाटील म्हणाले. "आज नगं."

"आजच," भिमाजी म्हणाला. "तिला म्हना, भंडार उचल. खरी आसंल तर तिचं पाय धरीन."

"उचलते," साळूबाई म्हणाली. ती तर मनोमन खूश होती. महिनाभरात पहिल्यांदाच कुणी तिला खरं-खोटं विचारत होतं. देवापुढं एकदा बोललं की सुटलं, असं तिला वाटलं. हाताचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

गुरवानं ताट पुढं केलं. तिनं उजव्या हातानं हळद घेतली, बोटं कशीबशी मिटली आणि हात देवाकडं ताठ केला. "लडाई सरल्यापासनं म्या शिशाला..."

एवढंच झालं. मनगट वाकलं. मूठ खाली झुकली, तशी बोटं आपोआप सैल पडली आणि पिवळी हळद आधी धारेनं, मग सगळीच एकदम, देवाच्या पायरीवर सांडली.

मग कुणीतरी "देवा!" म्हणालं आणि बाया पदर तोंडाला लावून मागं सरकल्या. साळूबाईनं खाली वाकून हळद गोळा करायला सुरुवात केली. तिला वाटत होतं, परत उचलून धरता येईल. रिकाम्या पंजानं ती फरशीवरची हळद नुसती पसरवत होती.

"बघितलं?" भिमाजी म्हणाला. त्याचा आवाज रडका झाला होता. खरं म्हणजे त्यालाही आपण खोटे ठरावं असंच वाटत असावं. "देवानं नाकारली. बघितलं समद्यांनी?"

त्या दिवसापासून साळूबाईला गोठ्यात टाकलं. तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. म्हातारी दारातून भाकरी सरकवायची, ती गाईंना चारा टाकावा तशी. साळूबाई गाईंच्या शेणात बसून एकाच गोष्टीचा विचार करायची. आपण शिशाला शिवलो नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मग देवानं असं का केलं? दोन-चार दिवसांनी तिला अशीही शंका यायला लागली की आपण झोपेत उठून तर जात नाही ना? माणसाला इतकं एकटं पाडलं की ते स्वतःवरचाही विश्वास गमावतं, यात नवल नाही.

बाजाराच्या दिवशी गनीभाईला बातमी कळली. साठीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, गुडघ्यांनी अधू. तराजू तसाच टाकून तो भिमाजीच्या दारात आला.

"भिमाजी, बाहेर ये. माझं नाव घेतलंस म्हनं."

"घेतलं. खोटं हाय?"

"खुदाची कसम, लडाई संपल्यापासनं मी एक गोळी घेतल्याली न्हाई. माझी नगरची भट्टी मोडून तिथं म्हस बांधलीय, येऊन बघ." मग त्याची नजर गोठ्याकडं गेली. साळूबाई उठायला बघत होती आणि तिचा पंजा खुंट्याला धरता धरता लोंबत होता. गनीभाईचा आवाज खाली आला. "या अल्ला! ह्यो हात तर आमच्या अजीजचा हाय."

"कोन अजीज?"

"माझ्या भट्टीवरचा. त्याचा आसाच लोंबला हुता. पर त्यो कामावर हुता. वहिनी तर..." तो भिमाजीकडं वळला. "भिमाजी, माझी अब्रू गेलीय, तुझी बी. गाडी जुप. नगरला दवाखान्यात डाक्टरीन हाय. जे काय हाय त्ये तिच्यासमोर हुंद्या. मी गुन्हेगार निघालो तर ह्याच गावात माझी दाढी काढ."

तिघं बैलगाडीतून निघाले. प्रत्येक धचक्याला साळूबाई पोट धरायची. भिमाजी एकदाही मागं वळला नाही, पण नगरच्या अलीकडं रस्ता खराब झाला तेव्हा त्यानं बैलांचा वेग कमी केला.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी आधी हात पाहिला, मग हिरडी, मग डोळ्यांची पापणी ओढून आतला पांढरेपणा. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि तो रंगवायला आत नेला. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या सरळ साळूबाईकडं.

"शिशाचं काम करतेस?"

"बघा!" भिमाजी म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. बाई, कधी केलंस?"

"लडाईत. तीन वरसं. सोडून चार वरसं झाली, बाई. भंडार उचलून सांगते. म्हंजी..." तिनं हात पदराखाली घेतला. "उचलता येत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसल्या. दवाखान्यात तिला समोर बसवून कुणी बोलत होतं, यानंच ती बावरली.

"काम सोडल्यावर बरं वाटलं ना? दोन-तीन महिन्यांत?"

"व्हय. पार बरी झाले."

"रक्तातलं शिसं तेवढ्यात उतरतं. पण उतरतं म्हणजे सगळं बाहेर जातं असं नाही. थोडं लघवीवाटे जातं. बाकीचं हाडात जाऊन बसतं. हाडाला चुना लागतो, आणि चुना कोणता अन् शिसं कोणतं हे हाडाला कळत नाही. तीन वर्षं तू धूर गिळलास, तो सगळा इथं आहे." त्यांनी तिच्या नडगीवर बोट टेकवलं. साळूबाईनं पाय एकदम आखडून घेतला. आपल्याच पायाची तिला भीती वाटली.

"मंग चार वरसं गप कसं बसलं?" गनीभाईनं विचारलं.

"हाडं भरलेली होती, कुणी मागितलं नाही. आता पोटातलं मूल चुना मागतंय. त्याचीही हाडं व्हायची आहेत. आईनं दूध प्यायलं तर दुधातून मिळतो. काय खातेस गं रोज?"

साळूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "भाकर. चटनी. शनवार धरते."

"म्हणजे उपास? या दिवसांत?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "मग मूल काय करील? हाडातून ओढून घेतं. हाड विरघळतं, आणि चुन्याबरोबर शिसं पुन्हा रक्तात येतं. उपास केला, अंथरूण धरलं, हाड मोडलं, पोटात पोर आलं, की ते बाहेर निघतं. चार वर्षांनी निघेल, दहा वर्षांनी निघेल. तिला नव्यानं शिशाला हात लावायची काही गरज नाही."

भिमाजीच्या तोंडाचा आ झाला होता. डॉक्टरीणबाईंचं बोट नडगीवर जिथं टेकलं होतं तिकडं तो बघत राहिला.

"म्हंजी पेवात घातल्यावानी," तो शेवटी म्हणाला. "बऱ्या सालात जमिनीत दानं भरून ठेवायचं, आन् वाईट साल आलं की पेव उघडायचं."

"तसंच."

"आन् हिचं पेव शिशानं भरलंय."

"हिचं एकटीचं कशाला? तुम्ही माती चाळलीत ना? तुमच्या आईनं जाळ घातला असेल. थोडंफार तुमच्याही हाडांत असणार. तुमची हाडं अजून कुणी उघडायला लावली नाहीत, एवढंच."

भिमाजीनं दोन्ही हात पुढं धरून पाहिले. ते सरळ होते. तरी तो ते उलटेसुलटे करून बघत राहिला.

"कवा जाईल त्ये?" साळूबाईनं विचारलं.

"पुरतं नाही जात. हाडात बसलेलं राहू द्यायचं, बाहेर यायचं कारण द्यायचं नाही. दूध, नाचणी, भाजी, पोटभर जेवण. उपास या जन्मात नाही. हाताला खालून फळी बांधते, हळूहळू येईल ताकद."

"आन् माझं पोर?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर हात टेकवला. "तुझं रक्त तेच त्याचं रक्त," त्या म्हणाल्या. "बाळंत होईपर्यंत इथंच राहा. मी प्रयत्न करते."

साळूबाई तेव्हा रडली. कुणी खरं मानलं म्हणून की पोराच्या रक्तात आपणच विष ओततोय हे कळलं म्हणून, तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. भिमाजी बाहेर जाऊन बैलांना वैरण टाकत बसला. बैलांच्या पुढ्यात वैरण आधीच होती.

ती दवाखान्यात दोन महिने राहिली. भिमाजी रोज पहाटे तीन कोस चालत दूध आणायचा. आता ते विकायला जात नव्हतं. चरवी ठेवायचा, खाटेपासून दोन हात लांब बसायचा आणि उठायचा. माफी मागणं त्याला जमलं नाही. एकदा एवढंच म्हणाला, "त्या कोंबडीची आठ पिलं निघाली." साळूबाई म्हणाली, "बारा अंडी हुती."

अश्विन सरता सरता मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी, ओंजळीत मावेल एवढी. पण रडली, आणि चांगली खणखणीत रडली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या टाचेतून रक्त काढून पाहिलं आणि मान हलवली. "हिच्यातही आहे. बसायला, चालायला उशीर करेल कदाचित. दूध कमी पडू देऊ नका आणि दर दोन महिन्यांनी दाखवायला आणा." जिनं अजून उजेड नीट पाहिला नव्हता तिच्या रक्तात लढाईतली गोळी निघाली. बनुबाई नातीला बघायला आली होती, तिनं हे ऐकलं आणि ती मटकन जमिनीवरच बसली. तिथून ती उठेना. शेवटी गनीभाईनं तिला हात देऊन उठवलं.

चंपाषष्ठीला, सव्वा महिना झाल्यावर, पोर देवाच्या पायावर घातली. सगळं गाव देवळात होतं. साळूबाईचा पंजा अजून लोंबतच होता, मनगटाला खालून फळी होती. भिमाजी पुढं झाला. त्यालाही काहीतरी करायचं होतं, आणि ते चारचौघांत करायचं होतं, कारण केलेलं पापही चारचौघांतलंच होतं.

"पाटील," तो म्हणाला, "श्रावनात हिचा भंडार सांडला. हिचं बोलनं खोटं नव्हतं. हिचा हात आजारी हुता. तिला फिरून उचलू द्या." त्यानं फळी सोडली. बायकोच्या मनगटाखाली स्वतःचा तळवा धरला आणि ते वर उचलून आधार दिला.

गुरवानं ताट पुढं केलं. साळूबाईनं हळद घेतली. मनगटाला आधार मिळाला तशी बोटं घट्ट मिटली. "लडाई सरल्यापासनं म्या शिशाला हात लावल्याला न्हाई," ती म्हणाली. सगळं वाक्य म्हणाली. एक कणही सांडला नाही.

"येळकोट येळकोट!" लोकांनी गर्जना केली. भिमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो घोंगडीवर खाली बसला. त्याला वाटलं, झालं, सुटलो.

साळूबाईनं हळद ताटात परत टाकली आणि ताट नवऱ्यापुढं सरकवलं.

"आता तुमी उचला."

"मी?"

"तुमचं मनगट धड हाय. उचला आन् सांगा. पैलं पोर पडल्यावर कढईपाशी बसू नगं असं म्या म्हनले हुते का न्हाई? पाटल्या कुनी मागितल्या हुत्या, त्ये बी सांगा."

दहा वर्षांच्या संसारात साळूबाई चारचौघांत पहिल्यांदाच नवऱ्याला काही विचारत होती. भिमाजीनं ताटाकडं बघितलं. त्याचा उजवा हात मांडीवर होता. बोटं हलली, पंजा जरासा उचलला, परत मांडीवर पडला. त्याच्या मनगटाला काही झालेलं नव्हतं.

"उचल ना बाबा," पाटील हळू म्हणाले.

त्याचा हात काही उठला नाही.

तेव्हा खांबाआडून बनुबाई आली. नात तिच्या कडेवर होती. तिनं ती साळूबाईच्या डाव्या हातावर दिली, ताटात हात घातला आणि सुरकुतलेली मूठ देवापुढं ताठ केली.

"ही पाया पडली हुती ह्याच्या," म्हातारी म्हणाली. "मला कढईपाशी बसवू नगा म्हनली. ह्यो म्हनला, एवढा पावसाळा काढ. पाटल्याचं ह्यानंच उठीवलं. म्या तिथंच हुते. समदं ऐकलं, आन् कढईखाली लाकूड सारलं."

पाटलांनी येळकोट म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. साळूबाई पोर घेऊन पायऱ्या उतरली. मागं म्हातारी मूठ धरून उभी होती. त्या मुठीतून हळद काही सांडली नाही.